कोर्ट आणि दवाखाना यांच्यामधला माणूस

मामा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आता बीड जिल्ह्यातल्या माजी सैनिकांचे अर्ज, दाखले, पेन्शनची पत्रं विनामूल्य लिहून देतात. भाची कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे.

भाची : मामा, अमेरिकेत म्हणे माजी सैनिकांसाठी वेगळी उपचार न्यायालयं असतात. गुन्हा केला तरी तुरुंगाऐवजी दवाखाना, आणि वर सरकारी अनुदान! खरं आहे का हे?

मामा : खरं आहे. पण ‘गुन्हा केला तरी’ हे ज्या सुरात म्हणालीस तो सूर सोड. ती माफी नसते. बफेलो शहरात रॉबर्ट रसेल नावाचे न्यायाधीश व्यसनाधीन आणि मानसिक आजारी आरोपींची प्रकरणं चालवायचे. त्यांच्यासमोर व्हिएतनाम युद्धातला एक जण यायचा. मान खाली, कशालाच उत्तर नाही. रसेलनी कोर्टातल्याच दोन माजी सैनिकांना सांगितलं, याला बाहेर व्हरांड्यात घेऊन जा, बोला. परत आला तो ताठ उभा राहिला, न्यायाधीशाच्या डोळ्याला डोळा दिला, प्रयत्न करतो म्हणाला. त्यातून जानेवारी २००८ मध्ये माजी सैनिकांचं वेगळं कामकाज सुरू झालं. आज तिकडे अशी पाचशेच्या वर न्यायालयं आहेत.

भाची : माफी नाही, मग काय असतं?

मामा : ठरल्या तारखांना न्यायाधीशापुढे हजेरी, लघवीची तपासणी, उपचार, आणि सोबतीला एक जुना सैनिक. बहुतेकांचं वर्ष-दीड वर्ष यात जातं. सगळं पाळलं तर आरोप मागे घेतला जातो किंवा शिक्षा हलकी होते, मोडलं तर खटला आहेच. तुरुंगात पडून राहण्यापेक्षा हे अवघड वाटतं कित्येकांना.

भाची : आणि बायकोला मारल्याचा गुन्हा असेल तर?

मामा : येतो त्यावर. आधी पैशाचं ऐक, तू विचारलंस तेच. तिथलं केंद्राचं न्याय खातं अर्ज मागवून, त्यातून निवड करून अनुदान देतं. खर्चाचा जास्तीत जास्त ७५ टक्के वाटा त्यांचा, उरलेला स्थानिकांनी घालायचा. काही वर्षांची मुदत असते, पुढे ज्याचं त्यानं चालवायचं. आता नीट बघ. न्यायाधीशाला पगार आधीपासून आहे. उपचाराचा मोठा भार माजी सैनिकांचं खातं उचलतं, त्यांचा कर्मचारी कोर्टातच येऊन बसतो. मग अनुदान जातं कशावर?

भाची : इमारतीवर?

मामा : तुम्हा लोकांना इमारतीशिवाय काही सुचतच नाही! समन्वयकावर जातं. कोण आरोपी माजी सैनिक आहे हे शोधणारा, दवाखान्यात नाव घालणारा, तारखेला आला नाही तर घरी फोन करणारा माणूस. शिवाय तपासण्या आणि सोबत्यांचं प्रशिक्षण. पण मुख्य तो माणूस.

भाची : आपल्याकडे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे ना?

मामा : झालं! ज्याला त्याला तेच आठवतं. त्याचा कायदा २००७ चा, काम २००९ पासून. तिथे पेन्शन, बढती, कोर्ट मार्शलवरचं अपील चालतं. गेवराईत पिऊन कुणी कुणाच्या दुकानाची काच फोडली तर तो खटला तालुक्याच्या कोर्टातच. आणि तिथे तो सैनिक होता हे कुणी विचारतसुद्धा नाही.

भाची : म्हणजे आपल्याकडे कायदाच नाही.

मामा : आहे! १९५८ चा परिवीक्षा कायदा शिकवत नाहीत का तुम्हाला? कलम ४ काढ. गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नसेल, तर दोषी ठरल्यावरही कोर्ट शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेऊन सोडू शकतं, तीन वर्षांपर्यंत. परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावता येते. नशापाणी करायचं नाही, ही अट घालता येते असं कायद्यातच लिहिलंय. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही उपचारासाठी सोडण्याची सोय आहे, कलम ३९ आणि ६४-अ. पण दारू त्यात बसत नाही, आणि आपल्याकडचं दुखणं दारूचं आहे, म्हणून ते राहू दे.

भाची : ऊसतोड कामगारही पितो, मामा. त्यानं काय घोडं मारलंय?

मामा : काही नाही. परिवीक्षा कायद्यात सैनिक हा शब्दच नाही, तो सगळ्यांना आहे. असं काम इथे करायचं तर सुरुवात सैनिकापासून, ती एवढ्यासाठी, की त्याची नोंद आहे, जिल्ह्याला त्याचं कार्यालय आहे, हाकेला येणारे जोडीदार आहेत. आणि दुसरंही एक आहे, ते माझ्या मनात फार दिवस सलतंय. बर्फात ड्यूटी असताना रमचं रेशन आम्हाला सरकारनंच दिलं. निवृत्त झाल्यावर कॅन्टीनच्या कार्डावर स्वस्तात बाटली सरकारच देतं. आणि अपंगत्वाच्या पेन्शनच्या नियमात काय लिहिलंय? दारूच्या अतिरेकानं आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, कारण ती गोष्ट माणसाच्या स्वतःच्या हातात असते! वीस वर्षं हुकुमावर जगलेल्या माणसाला घरी पाठवताना सांगायचं, आता सगळं तुझ्या हातात.

भाची : मामा, मला त्या बाईचं सांगा.

मामा : कोणत्या बाईचं?

भाची : जिच्याबद्दल मघाशी विचारलं. तालुक्याच्या कोर्टात मी प्रशिक्षणाला जात होते. एक निवृत्त हवालदार आरोपी होता. सकाळी अकराला त्याचा हात इतका थरथरत होता की सही जमेना, शेवटी अंगठा घेतला. सगळे हळहळले, देशसेवा केलेला माणूस म्हणून. त्याची बायको पायरीवर बसली होती. पिशवीत कागद, मनगटावर जुन्या पट्टीचा डाग. तिच्याशी कुणी बोललं नाही. उद्या तुमचं उपचार न्यायालय आलं, तर सगळे मिळून तिलाच समजावतील ना, बाई, तक्रार मागे घे, तो आता औषध घेतोय?

मामा : समजावतील. आत्ताही समजावतात.

भाची : मग?

मामा : मग दोन फायली वेगळ्या ठेवायच्या. तिला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. संरक्षण आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्च, भरपाई. हे सगळं तो सुधारतो की नाही यावर अवलंबून नाही. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. परिवीक्षेवर सोडतानाही कलम ५ खाली तिला भरपाई देववता येते.

भाची : कागदावर. आणि त्याला सोडलं की तो जाणार कुठे? घरीच!

मामा : हं. हे खरं. अमेरिकेतही हिंसेची प्रकरणं घ्यायची का, यावर न्यायालयागणिक नियम वेगळे आहेत. माझं मत विचारशील तर, तिचं म्हणणं एकटीचं, बंद दाराआड घेतल्याशिवाय असं प्रकरण उपचाराकडे वळवूच नये. तिनं नको म्हटलं तर नको.

भाची : असं कामकाज इथे मागायचा अर्ज केलात, तर त्यात हे लिहाल?

मामा : लिहीन! आता पैशाचं पुरं करू दे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं चालवायला महाराष्ट्रात ६० टक्के पैसा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. म्हणजे वाटून खर्च करायची रीत इथेही आहेच. १ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रीय सैनिक मंडळाची काही अनुदानं दुप्पट झाली. पेन्शन नसलेल्या पासष्टीपुढच्या माजी सैनिकाला महिना ४,००० चे ८,००० झाले, लग्नाचे ५०,००० चे एक लाख. चांगलंच झालं, त्यातले कितीतरी अर्ज मी भरलेत. मुलांच्या शिक्षणाला आहे, औषधोपचाराला आहे. कोर्टात उभ्या असलेल्या माजी सैनिकाला व्यसनातून काढायचं, असा रकाना मात्र त्यात नाही. ७ डिसेंबरला ध्वजदिन येतो, तालुक्या-तालुक्यातून निधी गोळा होतो, जिल्ह्याचं उद्दिष्ट पूर्ण झालं की सत्कार होतात. त्यातला थोडा पैसा या कामाला मागायला काय हरकत आहे?

भाची : आणि समाजकल्याणकडून व्यसनमुक्ती केंद्रांना मिळतं ते?

मामा : मिळतं, केंद्राच्या योजनेतून, संस्थांना. पण तो पैसा मुख्यतः खाटेवरच्या रुग्णासाठी. खाट रिकामी झाली की पुढे फारसं काही नाही. डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीवर. तिथल्या माणसांना विचार, दाखल करणं सोपं की घरी गेल्यावरची वर्षं सोपी. आपल्याकडे अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, जिल्ह्यात कोर्ट आहे, परिवीक्षा अधिकारी आहे, सैनिक कार्यालय आहे. चौघांची एकमेकांशी ओळख नाही! परिवीक्षा अधिकारी आणि तुझ्या त्या बाईचा संरक्षण अधिकारी एकाच महिला व बालविकास विभागाचे, तरी नाही.

भाची : ओळख करून देणार कोण?

मामा : तेच तर मागायचंय. २६ जुलै २०२५ ला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची वीर परिवार सहायता योजना सुरू झाली. सैनिक मंडळाच्या कार्यालयांतच विधी सेवा केंद्र, वकील आणि माजी सैनिकांच्या घरचे विधी स्वयंसेवक. आज तिथे जमिनीचे वाद, वारसाची भांडणं जास्त येतील, कारण सैनिक सीमेवर आणि बांध इथे. पण त्याच टेबलाशी एक पगारी समन्वयक बसवा, आणि महिन्यातला एक दिवस न्यायाधीशांनी माजी सैनिकांच्या परिवीक्षेच्या प्रकरणांना द्यावा. नवं न्यायालय नको, नवा कायदा नको. एक पगार, प्रवासभाडं आणि तपासण्यांचा खर्च. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना.

भाची : प्रवासभाडं कुणाचं?

मामा : त्या माजी सैनिकाचं. आष्टीहून अंबाजोगाई म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं. दर पंधरवड्याला तपासणीला पदरचं भाडं घालून कोण येईल?

भाची : आणि ती बाई? तिलाही बोलावणार ना, एकटीला, बंद दाराआड?

मामा : बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे.

भाची : अर्धं तरी कुठून आणेल? आणि त्या दिवसाची मजुरी?

मामा : बरं, लिही. अनुदानाच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ समन्वयकाचा पगार.

भाची : पहिली ओळ तिचं भाडं आणि बुडालेली मजुरी. दुसरी ओळ तुमचा समन्वयक.

मामा : लिही तसं.