एका पट्ट्यांत अनेक वाहिन्या

आकाशमार्गें येणाऱ्या दूरचित्रवाणीस मर्यादा नाहीं, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तसें नाहीं. जवळच्या दोन केंद्रांनीं एकाच लहरीवर चित्रें पाठविलीं, तर पाहणाऱ्यास एकहि धड दिसणार नाहीं. म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३४ च्या कायद्यानें एक संघीय दळणवळण मंडळ स्थापिलें. तें प्रत्येक स्थानिक केंद्रास ठराविक मुदतीचा परवाना देतें, व त्याबरोबर ६ मेगाहर्ट्झ रुंदीचा एक पट्टा. हा पट्टा केंद्राच्या मालकीचा होत नाहीं. त्याचा उपयोग लोकहितार्थ करावा, अशी अट असते.

जुन्या पद्धतींत एका पट्ट्यांत एकच कार्यक्रम मावत असे. डिसेंबर १९९६ मध्यें मंडळानें अंकीय पद्धति मान्य केली आणि ही स्थिति पालटली. या पद्धतींत चित्र व ध्वनि प्रथम शून्य व एक या दोन अंकांत मांडतात. नंतर त्यांचें संकोचन करतात. वृत्तनिवेदक बोलत असतां त्याच्या पाठीमागील भिंत हलत नाहीं. मग ती क्षणोक्षणीं नव्यानें कां पाठवावी? जें बदलतें तेंच मुख्यत्वें पाठवावें, हें या युक्तीचें सार होय. त्या पट्ट्यांतून दर सेकंदास सुमारें १ कोटि ९४ लक्ष अंक जाऊं शकतात. संकोचनामुळें त्यांत एक अत्यंत स्पष्ट चित्र पाठवूनहि जागा उरते, व तेथें दुसरी, तिसरी वाहिनी बसते. केंद्र पांचव्या क्रमांकाचें असल्यास या वाहिन्यांस ५.१, ५.२ असे आंकडे पडतात. हे आंकडे केवळ ओळखीपुरते. खरी लहर पुष्कळदां निराळी असते. मात्र वाहिन्या जितक्या अधिक, तितका प्रत्येकीचा वांटा कमी, आणि चित्राची स्पष्टताहि त्या मानानें कमी.

हें स्थित्यंतर सुखासुखी झालें नाहीं. ८ सप्टेंबर २००८ रोजीं उत्तर कॅरोलायनांतील विल्मिंग्टन शहरीं प्रथम प्रयोग झाला. सर्व देशासाठीं १७ फेब्रुवारी २००९ हा दिवस नेमिला होता; परंतु अनेक घरें सिद्ध नसल्यानें तो १२ जूनपर्यंत पुढें ढकलावा लागला. जुन्या यंत्रास जोडावयाच्या पेटीसाठीं सरकारनें दर घरास ४० डॉलरच्या दोन सवलतपत्रिका देऊं केल्या होत्या. आणखीहि एक अडचण होती. जुनें चित्र अंतराबरोबर धूसर होई, तरी दिसे. अंकीय चित्र एका सीमेपर्यंत स्वच्छ असतें व तिच्यापलीकडे एकाएकीं नाहींसें होतें. डोंगराआडच्या घरास हा भेद लहान नव्हे.

आतां मुख्य प्रश्न. वाढलेल्या जागेचा उपयोग कोणता झाला? डिसेंबर २०१० मध्यें देशभर पसरूं लागलेल्या मी-टीव्हीसारख्या वाहिन्या या जागेंत जुन्या मालिका दाखवितात. वृद्धांस त्यांत आनंद आहे, व केंद्रास खर्च थोडा. उलट जानेवारी २०१७ पासून सार्वजनिक केंद्रें याच युक्तीनें मुलांची वाहिनी अहोरात्र चालवूं लागलीं. ज्या घरास केबलचे पैसे परवडत नाहींत, तेथील बालकासहि साध्या एरियलवर ती फुकट मिळते. यंत्र तेंच, पट्टाहि तोच. निवड मात्र भिन्न.

यावरून विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानीं घ्यावें कीं, शास्त्र जागा वाढवून देतें, पण त्या जागेंत काय भरावें हें सांगत नाहीं. तें मनुष्यानेंच ठरवावयाचें असतें. आणि जी वस्तु सर्वांची, तिच्याविषयीं ठरवितांना ज्याच्यापाशीं दुसरें साधन नाहीं त्याची आठवण प्रथम ठेवणें हेंच न्याय्य होय.