वाहन सुरू न होण्याची कारणे : क्रमाने शोध, वेळेवर उपाय

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुका संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. बहाराच्या दिवसांत येथील ट्रॅक्टर, मालवाहू गाड्या आणि जीप यांना उसंत नसते. हंगाम संपताच त्यांतील अनेक वाहने कित्येक दिवस जागीच उभी राहतात. अशा उभ्या वाहनाची गरज पुन्हा पडते ती बहुधा घाईच्या वेळी. शिरसगाव कसबा, ब्राह्मणवाडा थडी किंवा आसेगाव पूर्णा येथील रुग्णास रात्री अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात न्यावयाचे असेल, तर हाताशी असलेले वाहन किल्ली फिरवताच सुरू होणे हा जीवनमरणाचा प्रश्न ठरू शकतो.

वाहन सुरू न होण्याचे कारण पुष्कळदा किरकोळ असते. परंतु ते क्रमाने न शोधल्यामुळे चांगले भाग बदलले जातात, पैसा खर्च होतो आणि मूळ दोष तसाच राहतो. हा क्रम चालकाप्रमाणेच ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षक यांनाही समजण्याजोगा आहे.

बॅटरीचे महत्त्व

पूर्वी लोखंडी हँडल हाताने फिरवून इंजिन सुरू करावे लागे. हँडलचा उलटा झटका बसून मनगट मोडण्याचे प्रकार घडत. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक मोटारीवर बसविण्यात आला आणि हा त्रास संपला. मात्र तेव्हापासून इंजिनाची सुरुवात बॅटरीवर अवलंबून राहिली. दिव्याला जेमतेम चार-पाच अँपिअर प्रवाह पुरतो. स्टार्टरला काही क्षण शेकडो अँपिअर लागू शकतात. म्हणून दिवा लागतो याचा अर्थ बॅटरी सशक्त आहे, असा नव्हे.

इंजिन फिरत नसल्यास

पहिला प्रश्न एकच : किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरते की नाही? फिरत नसल्यास पुढचे दिवे लावून पुन्हा किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले आणि नुसता ‘टक्‌टक्’ असा आवाज आला, तर बॅटरी उतरलेली आहे. दिवे पूर्ण विझले, तर बॅटरीची टर्मिनल सैल असण्याचा किंवा त्यांवर पांढरट-हिरवट क्षार जमल्याचा संभव अधिक. दिवे तसेच प्रखर राहिले आणि काहीच हालचाल झाली नाही, तर दोष फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच किंवा स्टार्टर यांत शोधावा.

क्षार जमले असल्यास टर्मिनल काढून, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवावी, कोरडी करून घट्ट आवळावी आणि वरून व्हॅसलिन लावावे. काढताना ऋण तार आधी सोडावी व जोडताना ती शेवटी जोडावी. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये.

काही तास विश्रांती दिलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब पूर्ण भरलेली असताना सुमारे १२.६ व्होल्ट असतो, १२.२ च्या आसपास ती निम्मी आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी समजावी. इंजिन चालू असताना हाच दाब साधारण १३.८ ते १४.४ असावा. तो वाढत नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा. अन्यथा नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. या उष्णतेने बॅटरीतील पाणी उडते व पट्ट्या लवकर झिजतात. ही हानी अनेकदा हिवाळ्यातील पहिल्या थंड पहाटे उघडकीस येते. म्हणून ज्या बॅटरीत पाणी भरता येते, तिच्यात उन्हाळ्यात वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे.

इंजिन फिरते, पण सुरू होत नाही

येथे बॅटरीला दोष देऊ नये. प्रथम टाकीत इंधन आहे का, हे पाहावे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेट घेते. इंजिन फिरत असताना धुराड्यातून धूर मुळीच येत नसेल, तर बहुधा डिझेल पोचत नाही. फिल्टर तुंबला असेल किंवा टाकी रिकामी झाल्यामुळे नळीत हवा धरली असेल. ट्रॅक्टरवर हातपंपाने ही हवा काढता येते. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचते पण पेटत नाही. ज्या गाड्यांत तापन-प्लग आहेत, त्यांत त्यांचा दिवा विझल्यावरच स्टार्टर मारावा.

पेट्रोल वाहनात स्पार्क प्लग काजळलेला किंवा ओला आहे का, हे पाहावे. कॉइलमधून हजारो व्होल्टचा दाब येतो. चालू इंजिनाच्या प्लगची तार हातात धरू नये. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या वाहनांत इंधन व ठिणगी यांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक आहे. तेथे तारांशी खेळू नये. किल्लीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत असल्यास दुसरी किल्ली वापरून पाहावी.

टाळावयाच्या सवयी

स्टार्टरच्या दोन टोकांना पान्हा किंवा स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर सुरू करणे अत्यंत धोक्याचे आहे. ट्रॅक्टर गिअरमध्ये असल्यास तो जवळ उभ्या माणसाच्या अंगावर जातो. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक चालवू नये. मध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे. दुसऱ्या बॅटरीची मदत घेताना धन टोक धन टोकास जोडावे आणि ऋण तारेचे शेवटचे टोक बॅटरीपासून दूर इंजिनाच्या धातूस लावावे. बॅटरीजवळ हायड्रोजन वायू साचतो. ठिणगी पडल्यास स्फोट होऊ शकतो.

ग्रामपंचायतीचे कार्य

ग्रामपंचायतीच्या वाहनाची नोंदवही असावी. तीत बॅटरी खरेदीची तारीख, पाणी घातल्याचा दिवस, फिल्टर बदलल्याची नोंद आणि मोजलेला दाब लिहावा. उभे वाहन आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर चालवावे. मोठ्या दुरुस्तीस मंजुरी देण्यापूर्वी वाहनाचे वय पाहावे; १ एप्रिल २०२३ पासून पंचायतींसह शासकीय मालकीच्या वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतनीकृत होत नाही. शिक्षकांनाही विद्युतप्रवाहाचा पाठ मल्टिमीटर आणि वाहनाची बॅटरी यांच्या साहाय्याने घेता येईल. बॅटरीचा दाब मोजता येणारी दोन-चार माणसे प्रत्येक गावात तयार झाली, तर चालक नसतानाही रात्री-अपरात्री वाहनाचा दोष ओळखता येईल आणि रुग्णाची खोळंबलेली वाट मोकळी होईल.