शेततळ्यासाठी माशांची निवड

शेततळे अथवा परसातील हौद पाण्याने भरला की त्यात मासे सोडण्याचा विचार साहजिकच मनात येतो. त्यातही गावात इतरांकडे नाही असा नवलाईचा मासा असावा, अशी पुष्कळांची इच्छा असते. ही इच्छा गैर नाही. परंतु बीज आणण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : हा मासा खानदेशातील मे महिन्याचे पाणी सोसेल काय?

उष्णता व प्राणवायू

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांवर तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमच उरतो. उलट पाणी तापेल तशी माशाची प्राणवायूची गरज वाढते. जळगाव-भुसावळ भागात उन्हाळ्यात पारा अनेकदा ४४ अंशांवर जातो आणि त्याच वेळी तळ्यातील पाणीही आटलेले असते. म्हणून थंड पाण्याच्या माशांची खरी परीक्षा येथे उन्हाळ्यात होते.

कोणते मासे टाळावेत

ट्राउट हा मासा काश्मीर, हिमाचल व निलगिरीच्या थंड, वाहत्या पाण्यात वाढतो. त्यास १० ते १८ अंशांचे पाणी मानवते. तापी खोऱ्यातील तळ्यात तो टिकणार नाही. महसीर हा आपल्या देशातीलच मासा आहे व लोणावळ्याजवळ वळवण येथे त्याचे बीज तयार केले जाते. तथापि तो स्वच्छ, वाहत्या पाण्याचा असून सावकाश वाढतो. लहान तळ्यात त्यापासून उत्पन्नाची आशा धरू नये. थाई मांगूर कमी प्राणवायूतही जगतो, परंतु तो देशी माशांचा फडशा पाडतो. त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे.

कोणते मासे घ्यावेत

सायप्रिनस हा मूळचा परदेशी मासा असूनही थंडी व उष्णता दोन्ही सोसतो. त्याची बँकॉक येथील जात १९५७ मध्ये भारतात आली व मैदानी प्रदेशात रुळली. शोभेचा कोई मासा याच कुळातील आहे. नवलाईची हौस असणाऱ्यांनी सावली असलेल्या खोल हौदात तो ठेवावा. सायप्रिनस तळ उकरतो, म्हणून कच्च्या मातीच्या बांधाच्या तळ्यात तो थोडाच सोडावा.

उत्पन्नासाठी मात्र कटला, रोहू व मृगळ हेच भरवशाचे. कटला वरच्या थरातील, रोहू मधल्या थरातील व मृगळ तळाचे खाद्य खातो. त्यामुळे तिघे एकाच तळ्यात नांदतात. एक गुंठा पाण्यात सुमारे ५० बोटुकली पुरेत : कटला २०, रोहू १५, मृगळ १५.

घ्यावयाची काळजी

१. बीज जुलै-ऑगस्टमध्ये सोडावे. पिशवी प्रथम १५ ते २० मिनिटे तळ्यातील पाण्यावर तरंगत ठेवावी. नंतर तोंड उघडून तळ्यातील पाणी थोडे थोडे आत घ्यावे.

२. शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा समभाग मिसळून रोज ठरावीक वेळी द्यावा. उरलेले खाद्य कुजून प्राणवायू घटवते.

३. पहाटे मासे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडू लागल्यास प्राणवायू कमी पडला असे समजावे. खाद्य थांबवून ताजे पाणी सोडावे.

४. कपाशीवर फवारणी केलेला पंप तळ्यात कधीही धुऊ नये. थोड्या औषधानेही सर्व मासे मरू शकतात.

५. पाणी चार फुटांखाली जाण्यापूर्वी मासे काढून विकावेत. जे तळे फेब्रुवारीतच आटते, त्यात अधिक काळ वाढणारा मासा घेऊ नये.

ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी तळ्याची खोली आणि पाणी टिकण्याचे महिने प्रथम नोंदवून घ्यावेत व त्यानंतरच बीजाची मागणी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे पाठवावी. पाणी पाहून मासा निवडला, तर शेतकऱ्याचा पैसा व वर्षभराचे श्रम वाया जात नाहीत.