काँक्रीटच्या सांध्यातील डॉवेल सळया

काँक्रीटचा रस्ता असो, धान्याच्या गोदामाची जमीन असो किंवा बाजार-आवारातील फरसबंदी असो, बिघाडाचा आरंभ बहुधा सांध्यापाशी होतो. लादीचा मध्यभाग वर्षानुवर्षे सुस्थितीत राहतो आणि सांध्याची कड मात्र ढासळते. सांध्यात आडव्या बसविलेल्या डॉवेल सळया हा त्यावरील जुना व परिणामकारक उपाय होय. तथापि, सळई चुकीची बसली तर हाच उपाय अपायकारक ठरतो.

सांधा कशासाठी?

काँक्रीट वाळताना आकसते. पुढेही ऊन-थंडीप्रमाणे त्याचे प्रसरण व आकुंचन चालूच राहते. साडेचार मीटर लांबीच्या लादीचे तापमान २० अंशांनी उतरले, तर तिच्या लांबीत सुमारे १ मिलिमीटरचा फरक पडतो. ही हालचाल रोखल्यास काँक्रीट वाटेल तेथे तडकते. म्हणून ठराविक अंतरावर लादीच्या जाडीच्या एकचतुर्थांश ते एकतृतीयांश खोलीचा काप यंत्राने घेतात. मग तडा त्या कापाखालीच उतरतो.

परंतु सांध्यामुळे दुसरी अडचण उभी राहते. ट्रकचे चाक लादीच्या मध्यावर असताना भार चहूकडे पसरतो. ते सांध्यापाशी येताच भार एकट्या कडेवर पडतो. कड लवते, शेजारची लादी मात्र जागीच राहते. सांध्यातून पाणी खाली मुरलेले असल्यास प्रत्येक चाकासरशी ते मातीसह बाहेर उसळते. लादीखाली पोकळी निर्माण होते व अखेरीस कड मोडते.

सळईचे कार्य

डॉवेल ही गुळगुळीत, गोल, पोलादी सळई असते. ती लादीच्या जाडीच्या मध्यावर, अर्धी एका लादीत व अर्धी दुसऱ्या लादीत राहते. एक लादी लवू लागताच सळई शेजारच्या लादीलाही भार उचलावयास लावते. त्याच वेळी लाद्यांचे जवळ येणे व दूर जाणे तिने अडविता कामा नये. दाराचा अडसर भिंतीतील खोबणीत मागेपुढे सरकतो, पण वरखाली होत नाही. तसेच हे आहे. याकरिता सळईच्या निदान अर्ध्या भागास वंगण किंवा प्लास्टिकचे वेष्टन लावून तो मोकळा ठेवतात. अमेरिकेत न्यूपोर्ट न्यूज शहराजवळ दोन लष्करी छावण्यांमधील रस्त्यावर इ.स. १९१७-१८ मध्ये अशा सळयांचा वापर झाल्याची नोंद आहे.

काँक्रीट ओतण्यापूर्वी काय पाहावे?

१. सळई गुळगुळीत असावी. इमारतीसाठी आणलेल्या खाचांच्या सळईचे उरलेले तुकडे येथे चालत नाहीत; ते काँक्रीटला घट्ट धरून ठेवतात. रस्त्याच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या सांध्यात लाद्या एकत्र बांधण्यासाठी मात्र खाचांचीच सळई घालतात. या दोहोंत गल्लत होऊ नये.

२. सर्व सळया एकमेकींस, रस्त्याच्या मध्यरेषेस व पृष्ठभागास समांतर असाव्यात. तिरक्या सळया सांधा जखडून टाकतात.

३. त्या तारेच्या पक्क्या घोडीवर बसविलेल्या असाव्यात. काँक्रीट दाबताना हलू नयेत.

४. सळईच्या मध्याची खूण दोन्ही कडांना आधीच करावी, म्हणजे काप नेमका तेथेच येतो.

५. प्रसरणासाठी मोकळी फट ठेवलेल्या सांध्यात सळईच्या मोकळ्या टोकास टोपी घालावी व टोपीत सरकण्यापुरती जागा ठेवावी.

प्रत्येक ठिकाणी डॉवेल आवश्यक असतेच असे नाही. १५० मिलिमीटरपेक्षा पातळ लादीत ती घालीत नाहीत. वाहतूक हलकी व सांधे जवळजवळ असतील, तर तड्याच्या दोन्ही बाजूंची खडी एकमेकींत अडकून बराचसा भार वाहून नेते. निर्णय नकाशाप्रमाणे व अभियंत्याच्या सल्ल्यानेच व्हावा.

एकदा काँक्रीट ओतले की सळई दृष्टीआड होते, आणि तिचा दोष काही पावसाळ्यांनंतर कडा फुटल्यावरच ध्यानी येतो. तेव्हा लादी कापून दुरुस्ती करण्याचा खर्च सार्वजनिक निधीवरच पडतो. म्हणून गावात असे काम निघाल्यास पंचायतीच्या सदस्यांनी व जाणत्या ग्रामस्थांनी काँक्रीट पडण्यापूर्वी पर्यवेक्षकासमवेत सळयांची ओळ एकवार पाहून घ्यावी, हे सर्वांच्याच हिताचे आहे.