खात्यात पैसे होते, रस्ता झाला नाही

पनवेल तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची मी पाच वर्षं सरपंच होते. २०२१च्या पावसात वाडीचा रस्ता वाहून गेला आणि भर ग्रामसभेत मी शब्द दिला, "दिवाळीनंतर काँक्रीट टाकू." वित्त आयोगाचा पैसा खात्यात दिसत होता. जुने सदस्य म्हणाले, "ताई, बिनधास्त करा. मागच्या आयोगात आपण रस्तेच केले."

मागचा म्हणजे चौदावा आयोग. त्याच्या मूळ अनुदानातून पाणी, दिवाबत्ती, रस्ते, स्मशानभूमी काहीही करता यायचं. पंधराव्यानं २०२१-२२पासून ६० टक्के रक्कम बंधित केली, निम्मी पिण्याच्या पाण्याला, निम्मी स्वच्छतेला. रस्ता बसायचा तो उरलेल्या ४० टक्क्यांत. आमचे ते ४० टक्के गावाच्या विकास आराखड्यात अंगणवाडी आणि दिवाबत्तीला आधीच धरलेले होते. ग्रामसेवकांनी पोर्टल उघडून दाखवलं, "ताई, हा आकडा पाण्याचा आहे. याच्यातून रस्त्याचं बिल निघणार नाही." बिलावर डिजिटल सही करायचं माझं डोंगल हातातच राहिलं. पुढच्या पावसाळ्यातही वाडीतल्या बाळंतिणीला झोळीतून खाली आणावं लागलं. तो दोष माझाच.

केंद्राच्या वाटपयोग्य करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना मिळतो, तो वेगळा. गावांसाठी आयोग स्वतंत्र अनुदान सुचवतो. ते राज्याच्या तिजोरीतून येतं आणि आपल्याकडे पंधराव्यात त्यातलं ८० टक्के ग्रामपंचायतीला, १०-१० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला जायचं. पैशाबरोबर अटीही येतात, आणि त्या दर आयोगाला बदलतात. पंधराव्याची मुदत मार्च २०२६पर्यंतची. नव्या सरपंचांनो, त्यापुढे जुन्या सदस्यांच्या आठवणीवर जाऊ नका, नवा शासन निर्णय स्वतः बसून वाचा.

ग्रामसभेत शिलकीचा एकच आकडा कधीही सांगू नका. बंधित किती, अबंधित किती, त्यातलं आराखड्यात अडकलेलं किती, हे फळ्यावर लिहा आणि मगच लोकांपुढे शब्द द्या. आणि घरपट्टीची वसुली सोडू नका. मतांच्या भीतीनं आम्ही ती दोन वर्षं ढिली ठेवली होती. रस्त्याला हवा तेव्हा वापरता येईल असा हुकमी पैसा तोच. आमच्या हद्दीत गोदामं उभी राहत होती आणि कित्येकांची आकारणीच झालेली नव्हती. टेप घेऊन आम्ही एकेक मोजलं.

रस्ता झाला तो त्या स्वनिधीतून, तिसऱ्या वर्षी. तोही ओढ्यापर्यंतच. वरचा चढ अजून कच्चा आहे.