जळणास हवा किती द्यावी ?

महाड-पोलादपूरच्या खेड्यांतून अजूनही पुष्कळ घरीं चूल पेटते. पावसाळ्यांत लांकडें ओलसर असतात, तीं धुमसतात आणि घर धुरानें कोंदून जातें. अशा वेळीं फुंकणीनें दोन फुंकरा घातल्या कीं ज्वाला उठते व धूर कमी होतो. फुंकणीनें चुलीस काय दिलें ? केवळ हवा. या हवेचा हिशेब आपण पाहूं.

ज्वलन म्हणजे जळणांतील कर्ब व हायड्रोजन यांचा हवेंतील प्राणवायूशीं होणारा संयोग. १२ भार कर्ब पूर्ण जळण्यास ३२ भार प्राणवायु लागतो; म्हणजे एक किलो कर्बास सुमारें २.६७ किलो. हवेंत वजनानें शेंकडा २३ भाग प्राणवायु असतो. म्हणून एक किलो कर्बासाठीं सुमारें साडेअकरा किलो हवा पाहिजे.

परंतु कागदावरचा हा हिशेब चुलींत पुरत नाहीं. हवा जळणाच्या प्रत्येक कणापर्यंत सारखी पोंचत नाहीं. एके ठिकाणीं ती वायां जाते, तर दुसरीकडे कमी पडते. यासाठीं हिशेबाहून जी अधिक हवा द्यावी लागते, तिला 'अतिरिक्त हवा' म्हणतात. ती न मिळाल्यास काजळी धरते आणि कांहीं कर्बाचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु बनतो. एक किलो कर्ब पूर्ण जळाला तर सुमारें ७,८०० किलोकॅलरी उष्णता मिळते. त्याचा सारा कार्बन मोनॉक्साइडच झाला तर अवघी २,२००!

मग हवा वाटेल तितकी सोडावी काय ? तसेंही नाहीं. हवेचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग नत्रवायु आहे. तो जळण्यास मदत करीत नाहीं. उलट आपण तापून धुरांड्यावाटे उष्णता बाहेर नेतो. म्हणूनच कारखान्यांतील बॉयलरच्या धुरांड्यांत उरलेला प्राणवायु मोजतात. अतिरिक्त हवा शेंकडा २० असेल तर तो शेंकडा साडेतीनच्या आसपास उरतो. ५० असेल तर सुमारें ७. नैसर्गिक वायु हवेंत सहज मिसळतो, म्हणून त्यास शेंकडा ५ ते १० अतिरिक्त हवा पुरते. लांकडास व कोळशास याहून बरीच अधिक लागते.

घरींही हाच नियम लागू आहे. चुलीचें तोंड लांकडांनीं गच्च भरूं नये. राख वेळोवेळीं काढावी. लांकडें लोखंडी जाळीवर ठेवल्यास खालून हवा मिळते. लांकूड मात्र वाळलेलेंच असावें, कारण ओल्या लांकडाची बरीच उष्णता पाणी उडविण्यांतच खर्च होते.

पालकांस एक विनंति. पोलादपुराहून आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वराकडे गेलें म्हणजे हिवाळ्यांत थंडी कडक लागते. अशा वेळीं बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून कधींही निजूं नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांत प्राणवायूची जागा बळकावतो आणि निजलेला मनुष्य जागा होत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, वडील माणसांच्या देखत एक प्रयोग करा. सारख्या वजनाचीं वाळलेलीं लांकडें घेऊन एकदां जाळीवर व एकदां जमिनीवर तितकेंच पाणी उकळा. लागलेला वेळ, उरलेलें लांकूड आणि भांड्याच्या बुडाची काजळी वहींत टिपा. योग्य हवा कोणत्या चुलीस मिळाली, हें तुमची वहीच सांगेल.