चष्मा असणाऱ्यांनी दुर्बीण कशी निवडावी?

प्रश्न : कपिलधारच्या डोंगरात पक्षी पाहताना चष्म्यातून दुर्बिणीच्या कडा काळ्या दिसतात. रायफलच्या दुर्बिणीसारखे लांब आय रिलीफ लागेल का?

उत्तर : नेत्रभिंगापासून ज्या अंतरावर डोळा ठेवल्यास संपूर्ण दृश्य दिसते, ते अंतर म्हणजे आय रिलीफ. रायफलच्या दुर्बिणीत ते साधारण ७५ ते १०० मिलिमीटर असते, कारण बार उडताच बंदूक मागे येते आणि दुर्बिणीची कड भुवईवर आदळू शकते. हातातल्या दुर्बिणीला धक्का नसतो, त्यामुळे एवढे अंतर लागत नाही.

चष्म्याची काच डोळ्यापुढे सुमारे १२ ते १४ मिलिमीटर असते. म्हणून आय रिलीफ किमान १५, शक्यतो १७-१८ मिलिमीटर असावे. फक्त जवळचा किंवा दूरचा नंबर असल्यास फोकसच्या चाकाने बहुधा भागते आणि चष्मा काढता येतो. सिलिंडरचा नंबर असल्यास चष्मा ठेवावा लागतो.

८×४२, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगाची दुर्बीण सोयीची. ४२ला ८ने भागल्यास ५.२५ मिलिमीटरचा प्रकाशझोत मिळतो, तो पहाटेच्या अंधुक उजेडात उपयोगी पडतो. १०×४२मध्ये तो ४.२ होतो आणि हाताचा कंपही जास्त जाणवतो. पावसाळ्यात कपिलधारच्या धबधब्याजवळ तुषार उडतात. तिथे नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीण हवी.

दुकानात डोळ्यांकडचे रबरी कप पूर्ण आत फिरवून, चष्मा लावूनच पाहावे. दृश्याचे वर्तुळ कडेपर्यंत स्वच्छ दिसले, तरच ती घ्यावी.